तुरीच्या मुळावरची गाठ

नागपूर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

क्वांटम संगणनाच्या (म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांचे क्वांटम नियम वापरून चालणाऱ्या संगणकांच्या) आधारे रसायनशास्त्रात पीएच.डी. करण्याचा विचार तू परवा सांगितलास, तेव्हा मी नुसते ‘बघू’ म्हणालो. ते तुला लागले असावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काटोलच्या शेतात तू लहानपणी तुरीच्या मुळावरची एक गाठ नखाने फोडली होतीस आणि आतला गुलाबी रंग पाहून ‘बाबा, याला रक्त असतं का?’ असे विचारले होतेस. त्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला बांधतात. युरियाच्या कारखान्यात मात्र त्यासाठी चारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणूंच्या ज्या विकरात (एन्झाइममध्ये) हे काम होते, त्याच्या गाभ्यात सात लोह, एक मॉलिब्डेनम, नऊ गंधक आणि एक कार्बन एवढेच अणू आहेत. तरी त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब महासंगणकालाही जड जातो. प्रत्येक कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनाची जागा, रिकामा, एका स्पिनच्या (स्पिन हा इलेक्ट्रॉनाचा दोनच प्रकारांचा अंगभूत गुण) इलेक्ट्रॉनाने भरलेला, दुसऱ्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनाने भरलेला किंवा पूर्ण भरलेला असू शकतो, म्हणजे वीसच कक्षक घेतले तरी शक्यता एक लाख कोटींच्या वर जातात. निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही तसेच हवे, असे भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी 1981 मध्ये सुचवले ते यामुळेच. 2017 मध्ये याच गाभ्याचा दाखला घेऊन असे यंत्र कितपत मोठे लागेल, याचा अंदाज प्रसिद्ध झाला.

पण प्रत्यक्षात काय झाले तेही बघ. 2014 मध्ये प्रकाशकणांवर चालणाऱ्या क्वांटम यंत्रावर हेलियम हायड्राइड आयन सोडवला गेला (म्हणजे त्याची ऊर्जा काढली गेली), 2017 मध्ये वेगळ्या यंत्रावर बेरिलियम हायड्राइड. हे दोन्ही तुझा जुना लॅपटॉपसुद्धा सोडवील. आणि 2023 मध्ये रसायनशास्त्रज्ञ गार्नेट चॅन व सहकाऱ्यांनी पुरावे तपासून लिहिले की या कामात क्वांटम यंत्राला घातांकी वरचढपणा (प्रश्न मोठा होईल तसा पटीपटीने वाढणारा फायदा) सर्वसाधारणपणे मिळेल, असे मानण्याजोगा आधार अजून नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की तू आधी पक्की रसायनवाली हो. साध्या संगणकावर रेणूंचा हिशेब करायची कपल्ड क्लस्टर पद्धत हाताशी असू दे, पायथन ही संगणकभाषा येऊ दे, मग क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूळ एकक. यंत्र वेळेवर आले नाही, तरी उत्प्रेरकांवर काम करणाऱ्याला कुणी रिकामे बसवत नाही.

पैशाची बाजू पूर्वीइतकी वाईट नाही. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2030-31 पर्यंतसाठी 6003.65 कोटी रुपये मंजूर केले, त्यातले संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे, आणि जेआरएफ (पीएच.डी.च्या सुरुवातीची शिष्यवृत्ती) आता महिना 37,000 रुपये आहे. (माझी शिष्यवृत्ती एकदा सात महिने अडकली होती आणि मेसचे पैसे आजोबांनी कापूस विकून भरले होते, तेव्हा थोडी शिल्लक मात्र ठेवशील.)

मुलाखतीला जाशील तेव्हा मार्गदर्शकांना दोन गोष्टी न लाजता विचार: खऱ्या यंत्रावर वेळ किती मिळतो, आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी कोणता रेणू सोडवला. उत्तर काय मिळाले ते मला कळव.

तुझा,
बाबा