टेलनेटचं दार आता बंद करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) लॉगिन करून तिथूनच पुढच्या स्विचवर जायचं, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांचं रोजचं काम. पण त्यासाठी अजूनही कित्येक ठिकाणी टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची जुनी पद्धत, वापरलं जातं, याची काळजी वाटते. टेलनेटच्या ठरलेल्या पोर्ट २३ वरून पासवर्डसकट प्रत्येक अक्षर उघडं जातं. वाटेतल्या स्विचच्या एखाद्या पोर्टचं मिररिंग केलं, म्हणजे तिथल्या वाहतुकीची प्रत दुसरीकडे वळवली, की ते कुणालाही वाचता येतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तर तिथले संशोधक तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ज्यात सगळा मजकूर कूटबद्ध होऊन जातो.

सिस्को कंपनीच्या स्विचवर टेलनेटऐवजी एसएसएच आणण्याचा हा बदल दहा मिनिटांचा आहे. आधी होस्टनेम आणि डोमेन-नेम द्या, त्यांच्याशिवाय आरएसए की (कूटबद्ध करण्याची किल्ली) सहसा तयार होत नाही. की २०४८ बिटची घ्या, ७६८ पेक्षा लहान असेल तर एसएसएचची दुसरी आवृत्ती चालत नाही. यूजरनेमला 'सिक्रेट' (उघडा न साठवलेला पासवर्ड) लावा. 'एनेबल सिक्रेट', म्हणजे बदल करण्याच्या अधिकाराचा पासवर्ड, तोही द्या, नाहीतर लॉगिन होईल पण पुढे 'नो पासवर्ड सेट' म्हणून अडेल. मग व्हीटीवाय लाइनवर (दुरून आत येण्याच्या वाटा) 'लॉगिन लोकल' (स्विचवरचंच यूजरनेम वापरा) आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' (फक्त एसएसएच येऊ द्या). हमखास चूक होते ती इथेच: आज्ञा ० ते ४ क्रमांकाच्या लाइनवर दिली जाते आणि ५ ते १५ तशाच राहतात. आणि नवीन खिडकीतून एसएसएचने आत जाता येतंय हे पाहिल्याशिवाय जुनं सेशन सोडू नका.

शेजारच्या स्विचचा आयपी माहीत नसेल तर 'शो सीडीपी नेबर्स डिटेल' तो दाखवतं, अर्थात दोन्हीकडे सीडीपी (सिस्कोची यंत्रं शेजाऱ्यांना आपली ओळख देतात ती सोय) चालू हवं. पलीकडून परत यायला कंट्रोल-शिफ्ट-६ आणि मग एक्स. याने सेशन संपत नाही, नुसतं थांबतं. त्यानंतर रिकामं एंटर दाबलं तरी माणूस पुन्हा पलीकडे पोचतो आणि आज्ञा भलत्याच स्विचवर पडते. म्हणून प्रत्येक स्विचचं नाव वेगळं ठेवा आणि आज्ञा देण्यापूर्वी प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीला दिसणारं स्विचचं नाव) वाचा.

सगळ्यात महागात पडते ती ट्रंकची, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधले वेगळे आभासी गट) वाहून नेणाऱ्या जोडणीची आज्ञा. नवा व्हीलॅन जोडताना 'अलाउड व्हीलॅन ३०' असं लिहिलं आणि 'अ‍ॅड' राहिलं, तर जुनी यादी पुसून एकटा ३० उरतो. ज्यातून आपण स्विच सांभाळतो तो मॅनेजमेंट व्हीलॅन त्याच ट्रंकवरून येत असेल तर आपलंच सेशन तुटतं. अशा कामाआधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी रीस्टार्ट) लावा. काम बिघडलं तर स्विच दहा मिनिटांनी जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. मात्र रीस्टार्टच्या वेळी त्यावरची वाहतूक थांबेल, तेवढी तयारी ठेवा. बदल ठीक बसला की 'रीलोड कॅन्सल' करा, आणि सेव्ह त्यानंतरच.

आपला,
एक नेटवर्क अभियंता