१९८२च्या त्या बिल्डिंगबद्दल

प्रिय सई,

काल फोनवर तू इतकी खुश होतीस की मी मधे काही बोलले नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही म्हणून लिहायलाच बसले. टोकियोत नीशिकासाईतला २० स्क्वेअर मीटरचा फ्लॅट, ८० लाख येन, भाडेकरू आधीच आत, महिना ५५ हजार भाडं, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर सुटतात. हे जाहिरातवाल्याचं गणित झालं गं. त्यातून कान्रिही, म्हणजे आपला मेंटेनन्स, आणि रिपेअर फंड असे दोन्ही मिळून १५ हजार जाणार, उरले ४० हजार, झाले ना सहाच टक्के? आणि टॅक्स, एजंटचं कमिशन, रिकामे महिने अजून धरलेच नाहीत.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. तू म्हणालीस बिल्डिंग १९८२ची, म्हणजे भूकंपाच्या नव्या नियमातली. तसं नसतं बाळा. नवे नियम १ जून १९८१ पासूनचे, आणि ती तारीख बांधकामाच्या मंजुरीला लागते, बांधून झाल्याला नाही. आधी मंजुरी घेऊन ८२ला पूर्ण झालेली बिल्डिंग जुन्या नियमातलीच. १९९५च्या कोबेच्या भूकंपात जुन्या नियमातल्या इमारतींचेच जास्त हाल झाले. मंजुरीची तारीख कागदावर दाखवा म्हण, तोंडी नको.

दुसरं म्हणजे फंड. मी आपल्या सोसायटीची अकरा वर्षं खजिनदार होते, तुला आठवतं ना, दोनशे रुपये वाढवायचे म्हटलं तर लोक अंगावर यायचे, आणि मग टेरेस गळायला लागल्यावर प्रत्येकाला एकदम चाळीस हजार काढावे लागले, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधून हप्त्याने भरले, ते अजून मला टोचतं. तिकडेही बिल्डर विकताना फंड कमीच ठेवतात आणि बारा-पंधरा वर्षांनी परांची बांधून मोठी दुरुस्ती निघते. त्यात तुझी बिल्डिंग सगळी वनरूमची, मालक सगळे भाड्यासाठी घेतलेले, मीटिंगला येणार कोण आणि फंड वाढवायला हात वर करणार कोण?

एजंटकडून जूयो जिको चोसा होकोकुशो, म्हणजे बिल्डिंगच्या महत्त्वाच्या बाबींचा अहवाल, मागून घे, त्यात फंडाची शिल्लक, थकबाकी, बिल्डिंगवरचं कर्ज सगळं असतं. आधीच्या मालकाची थकबाकी असेल तर ती तुझ्याच गळ्यात येते, हे तर नक्की बघ.

आणि रिडेव्हलपमेंटची आशा धरू नकोस. इथे एफएसआय, म्हणजे जास्त बांधायची परवानगी, मिळते म्हणून बिल्डर मोठा फ्लॅट देतो, वर भाडंही देतो. तिकडे बहुतेक वेळा मालकांनाच पदरचे पैसे घालावे लागतात, आणि पाचातल्या चार मालकांची मतं लागायची, २०२५ला कायदा थोडा सैल केला तरी एवढी माणसं जमवायची कुठून?

घेऊच नकोस असं म्हणत नाहीये मी, पैसे तुझ्या कष्टाचे आहेत. पण शनिवारी बयाणा देऊ नकोस, एवढं ऐक. कागद मिळाले की फोटो पाठव, जपानी तू वाच, आकडे मी बघते, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसू दोघी.

तुझी,
आई