सात वर्षांची लेक आणि यूट्यूब

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सात वर्षांच्या चिमीला यूट्यूबवर नको ते दिसू नये म्हणून काय करावं, असं विचारलंस. फोनवर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ लपवणारी यूट्यूबची सोय) सुरू केलास ते बरंच झालं, पण तेवढ्यावर निवांत बसू नकोस. ती सेटिंग त्या एका फोनपुरती, त्या एका ब्राउझरपुरतीच. चिमी निपाणीला आजोळी गेली आणि आजीचा फोन हाती लागला, की खेळ खलास. टीव्हीवरचं यूट्यूब वेगळं, क्रोममधलं वेगळं. प्रत्येक ठिकाणी सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा सुरू करावं लागतं. शिवाय हा मोड शीर्षक, वर्णन, वयाचं बंधन असल्या खुणांवरून अंदाज बांधतो. सगळ्या भाषांत तो सारखा चालेल असं नाही, हे यूट्यूबही कबूल करतं. आणि आपल्याकडची पोरं एका बैठकीत मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बघणार! साळसूद नावाचं काहीतरी चाळणीतून सुटतंच.

चिमीसाठी यूट्यूब किड्स हे मुलांचं वेगळं ॲपच घाल. प्रोफाइल करताना ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे गट दिसतील. ते सोड, ‘अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली’ (फक्त पालकांनी निवडलेलं) घे. मग तू निवडशील तेच चॅनेल, तेच व्हिडिओ दिसतात. शोधायची सोय आपोआप बंद. सुरुवातीला चॅनेल निवडताना कंटाळा येईल, पण वयोगटाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ओळखीच्या कार्टूनचा मुखवटा घातलेले मारझोडीचे, अश्लील व्हिडिओ या किड्स ॲपमध्येसुद्धा घुसले होते. २०१७ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला, आठवत असेल.

एक गोम बघ की. पालकांच्या सेटिंग्ज उघडायला कोपऱ्यातल्या कुलपावर बोट ठेवलं की ॲप गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेलं पोर ते तोंडी सोडवतं! म्हणून तिथे स्वतःचा पासकोड घाल, आणि फोनच्या पिनचेच आकडे पुन्हा नकोत. तो पिन तिला केव्हाच पाठ असणार. साधं यूट्यूब बहुतेक फोनमधून काढून टाकता येत नाही, ते ‘डिसेबल’ कर.

खरी डोकेदुखी टीव्ही. तुमच्याकडे सगळे एकाच अकाउंटवर. रात्री कुणी खूनखराब्याच्या क्लिप बघितल्या, की दुसऱ्या दिवशी दुपारी तसलीच चित्रं पहिल्या पानावर हजर. मुलं शोधून फारसं काही काढत नाहीत रे, समोर येतं ते दाबतात. त्या अकाउंटची वॉच हिस्टरी पुसून टाक, ऑटोप्ले बंद कर, आणि काकांना वेगळं अकाउंट उघडून दे. रागावतील, पण कर.

अश्लील साइट अडवायच्या तर अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग आहे; साइटचा पत्ता कोणत्या सेवेकडून शोधायचा ते तिथे ठरतं. त्यात फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत टाक. मोबाइल डेटावरही चालतं. यूट्यूबच्या आतले व्हिडिओ मात्र त्याने गाळले जात नाहीत.

नऊ वर्षांची झाली की फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून देखरेखीच्या अकाउंटवर साधं यूट्यूब देता येईल; त्यात ‘एक्सप्लोर’ हा ९ वर्षांपुढचा टप्पा आहे.

आणि तिने काही नको ते बघितलंच, तर फोन हिसकावून घेऊ नका. वहिनींनाही सांग. ओरडा बसला की पुढच्या वेळी ती लपवणार. काय दिसलं ते शांतपणे विचार, मग तीन टिंबं दाबून तो व्हिडिओ ब्लॉक कर आणि रिपोर्टही कर. कुणी अनोळखी माणूस मुलीला मेसेज करत असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेव आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

किड्सचं प्रोफाइल लावताना कुठे अडलास तर संध्याकाळी सातनंतर फोन कर. काकाकाकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल