'शास्ती' शब्द काढू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं की 'शास्ती' हा सरकारी बाबूंनी टेबलावर बसून तयार केलेला शब्द आहे, कुणाला कळत नाही, त्याजागी सरळ पेनल्टी लिहा. वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. शब्द जड वाटतो हे मान्य, पण तो बाबूंनी केलेला नाही हो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो शिक्षा याच अर्थाने आहे, आणि तो कोश पहिल्यांदा निघाला 1831 साली, तेव्हा कुठली मंत्रालयं आणि कुठले जीआर!

याचं मूळ संस्कृतातला शास् हा धातू. शास् म्हणजे सांगणं, शिकवणं, वळण लावणं, आणि मग पुढे राज्य करणं, शिक्षा करणं. याच घरातून शास्त्र आलं, शासन आलं, अनुशासन आलं, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे शिष्य पण इथलाच, ज्याला शिकवायचं तो. अमरकोशात बुद्धाचं एक नाव शास्ता असं दिलंय. बुद्धाने कुणाला छडी मारली? त्याने सांगितलं, शिकवलं, म्हणून तो शास्ता. म्हणजे शिक्षेच्या या शब्दात आधी सांगणं आहे आणि मार नंतर आलाय.

शासन शब्दाचं बघा. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली जीप जाते तेव्हा त्याचा अर्थ सरकार, आणि मोर्च्यात लोक 'आरोपीला कडक शासन झालंच पाहिजे' ओरडतात तेव्हा अर्थ शिक्षा, आपण दोन्ही रोज ऐकतो आणि जराही गोंधळत नाही. कारवारच्या पुढे कन्नडात तर शासन म्हणजे शिलालेख, राजाने सांगितलं ते दगडावर कोरलं म्हणून. आपल्या गोव्याच्या कदंब राजांचे ताम्रपट, त्यांना ताम्रशासनच म्हणतात.

दंडाची गोष्ट वेगळी. दंड म्हणजे मुळात काठी. दांडा, दांडू, दंडुका सगळे तिथलेच. राजाच्या हातात काठी, म्हणून शिक्षा म्हणजे दंड, आणि काठीच्या जागी पैसे आले तरी नाव तेच राहिलं. मनुस्मृतीत 'दण्डः शास्ति प्रजाः सर्वाः' असं आहे, म्हणजे दंडच सगळ्या प्रजेला ताब्यात ठेवतो, तिथे हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी बसलेत, पण एक काठी आहे आणि दुसरं त्या काठीचं काम. (माझी आई फाटलेल्या लुगड्याचे दोन तुकडे जोडून शिवायची त्या शिवणीलाही दंडच म्हणायची, दंड घातलेलं लुगडं. हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही.)

आणि आम्हा गोंयकारांकडे तर तिसराच शब्द, तालांव! माझ्या पुतण्याला परवा फर्मागुडीला हेल्मेट नसल्यामुळे अडवला, 1000 रुपये गेले, घरी येऊन म्हणतो काकी, तालांव मिळाला. हा पोर्तुगीज शब्द, पुस्तकातून फाडून देतात ती पावती म्हणजे तालांव. शिक्षेला आपण पावतीचं नाव दिलं. त्याला विचारलं, पोलिसाने काय सांगितलं? म्हणाला काहीच नाही, फोटो काढला आणि कागद दिला. मला हेच खटकलं. डोक्याला मार लागला तर काय होतं हे दोन मिनिटं सांगितलं असतं तर ती खरी शास्ती झाली असती.

कायद्याच्या मराठीत फाईनला दंड, पनिशमेंटला शिक्षा आणि पेनल्टीला शास्ती असे तीन वेगळे शब्द ठेवलेत, ते उगाच नाहीत. पिंपरी-चिंचवडला अनधिकृत घरांवर शास्तीकर लागला तेव्हा तिथल्या भाजीवाल्यालाही हा शब्द पाठ झाला होता, वापरला की कळतो. तिन्हींच्या जागी पेनल्टी लिहिलं तर फुटबॉलची बातमी आणि घरपट्टीची बातमी सारखीच वाचायची का आम्ही?

तेव्हा विनंती एवढीच की शास्ती छापत रहा. पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'उशीर केल्याबद्दल जादा रक्कम' असं काहीतरी साधं लिहा, पुढच्या वेळी त्याचीही गरज लागणार नाही.

आपली एक नेहमीची वाचक,
फोंडा