ताई, आम्ही दशमीच धरली

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण प्रत्यारोपण समन्वयक म्हटलं की लोकांना घरच्यांकडून अवयवदानाची सही घ्यायला आलेलं माणूस तेवढं आठवतं. मलाही तसंच वाटलं होतं. सही अर्ध्या तासात झाली, पण तुम्ही त्यानंतर वर्षभर येत राहिलात.

ह्यांच्या अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, मेंदू मृत झालाय का हे बघायला डॉक्टरांनी पहिली चाचणी केली. चार डॉक्टर, आणि त्यांतला एकही प्रत्यारोपण करणारा नाही, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. दुसरी चाचणी निदान सहा तासांनी. ते सहा तास तुम्ही आमच्याबरोबर व्हरांड्यात बसलात आणि दानाचा विषय काढला नाहीत. दुसऱ्या चाचणीनंतर, ‘ते गेले’ एवढं आमच्या मनात उतरू दिलंत आणि मगच विचारलंत. नाही म्हणालात तरी चालेल, हेही तेव्हाच म्हणालात. अपघाताची केस, म्हणून पोलिसांचे कागद, पोस्टमॉर्टेम, सगळीकडे तुम्ही पुढे होतात. ह्यांना घरी आणेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि आई (माझ्या सासूबाई) रात्री उठून बसायला लागल्या. ‘छाती हलत होती गं. हात गरम होता. मी जित्या लेकराला दिलं का?’ मला उत्तर देता येईना. मी तर सही केलेली. एकदा रात्री अकराला तुम्हाला फोन केला, आणि त्याच रविवारी तुम्ही बसने घरी आलात.

आईंच्या शेजारी जमिनीवर बसून तुम्ही सांगितलंत, की व्हेंटिलेटर काढला, ऑक्सिजन चालू ठेवला, आणि काही मिनिटं डॉक्टर नुसते छातीकडे बघत उभे राहिले. स्वतःहून एक श्वास आला असता तरी तिथेच थांबले असते. आला नाही. सहा तासांनी पुन्हा बघितलं. तेव्हाही नाही. ‘श्वास मशीन देत होतं, म्हणून हृदय चालत होतं, म्हणून हात गरम होता. दादा त्याआधीच गेले होते, आई.’ त्यांनी पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारलं. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत. चार वेळा तरी मी ऐकलंय. एकदाही ‘मागे सांगितलं होतं ना’ असं म्हणाला नाहीत.

‘किती मिळाले?’ असं विचारणारे नातेवाईक निघालेच. १९९४च्या कायद्याने अवयवाचे पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, हे तुम्ही ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात. त्यानंतर तो प्रश्न आमच्या कानावर आला नाही.

मला वेगळंच टोचत होतं. मूत्रपिंडं, यकृत, डोळे घेतले, हृदय नाही घेतलं. नको झालं का कुणाला, असं मनात यायचं. किती वेडेपणाचं वाटतं आता लिहिताना, पण तेव्हा रडू यायचं. तुम्ही समजावलंत की मेंदू गेल्यावर रक्तदाब कोसळतो, तो औषधांनी धरून ठेवताना हृदयावर ताण येतो, आणि बाहेर काढल्यावर ते जेमतेम चार तास टिकतं. ‘त्यांचं हृदय शेवटपर्यंत बाकीच्यांसाठी राबलं,’ म्हणालात. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

कुणाला मिळालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, सांगता येत नाही हे आता कळतं. दोघं घरी गेले, एवढंच कळवलंत. आईंनी देवापुढे साखर ठेवली.

वर्षश्राद्धाच्या आधी तिथीचा घोळ झाला. दुसरी चाचणी दशमीला रात्री, ऑपरेशन एकादशीला पहाटे. भटजींना काय सांगायचं? तुम्ही म्हणालात, मृत्यूची वेळ दुसऱ्या चाचणीची. आई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे दशमीलाच गेला तो. एकादशीला नाही नेला मी त्याला.’ आम्ही दशमी धरली. त्या रात्री त्या सलग झोपल्या.

आईंचा एक निरोप आहे. तुमच्याकडे अशी कुणी दुसरी आई आली, तिला हात गरम असल्याचं आठवत असेल, तर आमचा नंबर द्या. त्या बोलतील तिच्याशी. कितीही वाजता.

तुमची,
दशमीवाल्यांची सून