खुकरी म्हणजे नुसता सनसेट पॉइंट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत दीववरचा लेख वाचला, रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसलोय. नागोआ बीच, किल्ला, नायडा गुंफा, मासे कुठे ताजे मिळतात, गुजरातमधून लोक बाटलीसाठी कसे येतात, सगळ्यावर भरभरून लिहिलंय. आणि १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आपल्या खुकरी युद्धनौकेच्या स्मारकाला एक ओळ, तीसुद्धा सूर्यास्त आणि फोटोसाठी छान जागा म्हणून. लेखकाचा प्रवास चांगला झाला असेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती ओळ छापण्याआधी तुमच्याकडे कोणालाच काही खटकलं नाही का?

मी दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन आलोय. सोमनाथ, सासणगीर, दीव अशी नेहमीची टूर. बस चक्रतीर्थच्या टेकडीखाली थांबली आणि टूरवाल्याने सांगितलं, पंधरा मिनिटं, उशीर करू नका. दुकानांसाठी त्याच दिवशी दीड तास दिला होता. गुडघे धरत वर चढलो. समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, आणि त्या काचेला पाठ लावून पाच-सहा पोरं स्पीकर लावून रील बनवत होती. मी म्हटलं, अरे हे स्मारक आहे, गाणं बंद करा. त्यातला एक म्हणाला, कोणाचं काका? उद्धटपणे नाही हो, त्याला खरंच माहीत नव्हतं. मग मी सांगायला लागलो, त्याने स्पीकर बंद केला आणि बाकीच्यांनाही बोलावलं. १९७१ चं युद्ध, ९ डिसेंबरची रात्र, पाकिस्तानची हंगोर पाणबुडी, तिला शोधायला मुंबईहून निघालेल्या आपल्या युद्धनौका खुकरी आणि कृपाण, आणि दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर टॉर्पेडो लागून काही मिनिटांत बुडालेली खुकरी. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, म्हणजे १९४ माणसं. इथपर्यंत आलो आणि खालून बसचा हॉर्न सुरू झाला. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांचं सांगायचं राहूनच गेलं.

मला एवढं का लागलं ते सांगतो. माझे वडील मुंबईला नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर होते. खुकरीवर त्यांनी कितीतरी दिवस काम केलेलं, पोरांची तोंडं ओळखायचे, कोण कुठल्या गावचा ते सांगायचे. मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही लालबागला चाळीत राहायचो, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेले. एका रात्री बाबा उशिरा आले, डबा तसाच भरलेला परत, आणि आईला एवढंच म्हणाले, आपली खुकरी गेली. आम्ही मालवणकडचे, मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर मासे नाहीत असा दिवस घरात नसायचा, पण त्या महिन्यात बाबांनी मासे घरात आणू दिले नाहीत. आईने का म्हणून विचारलं नाही. मला ते कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि नीट कळलं ते त्या टेकडीवर उभं राहिल्यावर. ती माणसं अजून त्याच पाण्याखाली आहेत. त्यांच्या घरच्यांना फूल वाहायला दुसरी जागा कुठली आहे?

४ डिसेंबरला नौदल दिन होतो, कराचीवर हल्ला केला तो दिवस, जरूर व्हायला पाहिजे. २०२३ ला आमच्या सिंधुदुर्गात झाला तेव्हा मी मुद्दाम गावी गेलो होतो, ऊर भरून आला होता. पण पाचच दिवसांनी ९ तारीख येते, तेव्हा तुमच्या पेपरात चार ओळी नसतात. गेल्या वर्षी मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं, तेही छापलं नाहीत.

अजून एक, विषय निघालाच आहे तर. ज्या हंगोरने खुकरी बुडवली ती पाणबुडी कराचीच्या म्युझियममध्ये आजही जपून ठेवलीय. आणि त्याच युद्धात लढलेली आपली विमानवाहू नौका विक्रांत, मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, लोक पोराबाळांना घेऊन बघायला जायचे, ती २०१४ ला भंगारात विकून दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडली. आपल्याच मुंबईत. याचं मला अजून वाईट वाटतं आणि राग पण येतो. दीवच्या लोकांनी निदान नवी खुकरी, म्हणजे १९८९ ला नौदलात आलेली त्याच नावाची दुसरी युद्धनौका, निवृत्त झाल्यावर आपल्याकडे आणली. तुमच्या लेखात तिचाही उल्लेख नाही.

टूरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथे अर्धा तास द्या आणि बसमध्ये माइक असतोच, त्यावर वर चढायच्या आधी पाच मिनिटं सांगा. आणि तुम्हाला विनंती, माझं त्या पोरांना सांगायचं राहिलेलं तेवढं तरी छापा. जहाज बुडत असताना कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जेवढ्यांना बाहेर काढता येईल तेवढ्यांना काढलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. ६७ जण वाचले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ती पोरं मराठीच बोलत होती, कदाचित तुमचाच पेपर त्यांच्या घरी येत असेल.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे