एक टिंब कमी, म्हणून बक्षीस हुकलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत प्रसिद्ध पुस्तकांच्या नावांवर कोट्या करायची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस, म्हणजे स्टीलचा डबा, 'श्यामची आयटी कंपनी'ला मिळालं. लोक पोट धरून हसले. मी हसले नाही. डब्याचं दुःख नाही, घरात डबे पुष्कळ आहेत. पण माझी ३४ वर्षं छापखान्यांची प्रुफं तपासण्यात गेली. नावातलं एक अक्षर बदला, वाढवा नाहीतर गाळा, याला मी कोटी म्हणते. अख्खी कंपनीच आणून बसवायची तर सरळ नवं पुस्तक लिहावं.

नेमाड्यांच्या 'कोसला'त एक ळ घातला, की झाला 'कोसळला'. (कर्ता स्लॅब. आमच्या पार्किंगकडे बघता कथानक लांब नाही.) खांडेकरांच्या 'ययाति'ला पुढे अर्धा व जोडला, की 'व्ययाति'. मूळ कथेत बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो. इथे सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा बापाची पेन्शन संपवतो. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा ब गाळा, 'नगरवाडी' मिळते. २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांत जाऊन विचारा, मिळकतकराचं बिल आधी आलं की नळाचं पाणी.

'पानिपत'चं 'पाणीपत' मात्र मीच बाद केलं. कानाला छान वाटतं, पण न चा ण आणि ऱ्हस्वाचा दीर्घ, म्हणजे दोन बदल. आमचे हे म्हणाले, "अगं, कोण मोजतंय?" मी मोजते.

एक आजोबा तर स्पर्धेवरच रुसून उठून गेले. थोर साहित्याची टवाळी म्हणे! आजोबांना कुणीतरी सांगा, की अत्र्यांनी 'केशवकुमार' होऊन १९२५ मध्ये 'झेंडूची फुले'त कवींची जी विडंबनं केली, ती आजही लोक कौतुकानं वाचतात. व.पुं.चं 'वपुर्झा' हे नावच केशवसुतांच्या 'झपूर्झा'वरून बेतलेलं आहे. आणि पु.लं.चं 'असा मी असामी'? तीच अक्षरं दोनदा, फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. एखाद्या नवख्या मुद्रितशोधकानं दोन्हीकडे जागा सोडली असती, तर 'असा मी असा मी' छापून आलं असतं आणि विनोद जागच्या जागी मेला असता. आम्हाला अशा जागांची फार भीती वाटायची.

आता माझी शेवटची चिठ्ठी, जिच्यावर माझा खरा भरवसा होता. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, १९६७ ची, 'मृत्युंजय'. मी त्यातलं फक्त टिंब काढलं. 'मृत्युजय'. ज्यानं मृत्यूला जिंकलं त्याच्यावर मृत्यूच जिंकला! अक्षर एकही बदललं नाही, मात्रा हलली नाही, एवढ्याशा टिंबासरशी सगळी कादंबरी उलटी झाली. याहून काटकसरीची कोटी मला तरी माहीत नाही.

परीक्षकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि सगळ्यांदेखत ती मला परत दिली. म्हणाले, "काकू, गडबडीत तुमच्याकडून नावच चुकीचं लिहिलं गेलंय. अनुस्वार राहिलाय."

३४ वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून आपल्या मुद्रितशोधकांना एक विनंती. हे पत्र छापायला घेतलंत, तर 'कोसळला'तला ळ जपा आणि 'मृत्युजय'वर कृपा करून अनुस्वार देऊ नका. तो मी मुद्दाम गाळला आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
कर्वेनगर, पुणे